साचा आपला, अटी कोणाच्या?

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे असा चालकांचा आग्रह झाला, तेव्हा विषय शोधावयास आम्हांस दूर जावे लागले नाही. आपल्यापैकी ज्यांचे प्लास्टिकच्या वस्तूंचे कारखाने आहेत, किंवा जे अशा वस्तूंचा व्यापार करतात, त्या सर्वांचा व्यवहार शेवटी एका गोष्टीवर उभा असतो. ती गोष्ट म्हणजे साचा. साच्याच्या पोलादाचा भाव आपण घासाघीस करून ठरवितो. तो किती लाख नग देईल ह्याची हमी लेखी घेतो. पैसे हप्त्याहप्त्याने देतो. परंतु ज्या रेखाचित्रावरून तो साचा कापला जातो, त्याविषयी आपण एक अक्षरही विचारीत नाही. ही उदासीनता आपणांस महाग पडत आहे आणि पुढे अधिकच महाग पडेल, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे. ते का, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे.

सिल्वासाचा अलीकडचा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. १९६१ साली दादरा व नगर हवेली भारतीय संघराज्यात सामील झाली. आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव ह्यांच्यासह तिचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. मधल्या काळात कर-सवलतींच्या ओढीने येथे कारखाने आले. मसाट, खडोली, पिपरिया ही नावे एके काळी शेताभाताची होती, ती औद्योगिक वसाहतींची झाली. त्या सवलतींनी आपणांस उभे केले, हे उपकार विसरून चालणार नाही. परंतु ज्या सवलतींच्या बळावर भरभराट झाली, त्यांचा काळ आता सरला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर सर्व देशभर लागू झाला. सिल्वासाचा माल केवळ सिल्वासाचा म्हणून स्वस्त पडावा, असे दिवस राहिले नाहीत. ह्यापुढे आपल्या मालाची किंमत आपल्या कौशल्यावर ठरणार. आणि साच्याच्या धंद्यात कौशल्याचे पहिले घर म्हणजे रेखाचित्र होय.

येथे आमच्या स्वतःच्या अनुभवातील एक गोष्ट सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी आट्याच्या झाकणाचा सोळा कॅव्हिटींचा एक साचा आमच्याकडे उत्तम चालला होता. गिऱ्हाइकाने माल वाचविण्यासाठी झाकणाच्या भिंतीची जाडी १.२ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर करावयास सांगितली. मागणी रास्त होती. मूळ आराखडा परगावच्या एका आरेखन-कार्यालयाने केलेला होता; त्याच्याकडेच बदलाचे काम दिले. तेथे ज्या मुलाने पहिला आराखडा काढला होता, तो नोकरी सोडून गेलेला. नव्या मुलाच्या हाती आकाराची तेवढी फाईल आली. त्याने दोन दिवसांत बदल करून पाठविला, आणि आम्ही तो न पाहताच टूलरूमकडे धाडला. बाहेरची कॅव्हिटी तशीच ठेवून सोळा नवे कोअर घडविले गेले. पहिला शॉट निघाला. वजन बरोबर, जाडी बरोबर, रंग बरोबर. झाकण बाटलीवर बसविले तो ते सैल! बाहेरून कमी करावयाची भिंत आतून कमी झाली होती. आतला व्यास ०.४ मिलिमीटरने वाढला होता. पाणी भरून आडवी ठेवलेली बाटली रात्रभरात पाझरली.

जुने कोअर भंगारात दिलेले नव्हते, एवढेच नशीब. नवे सोळा कोअर वाया गेले आणि सोळा नव्या कॅव्हिटी कराव्या लागल्या. कारण पोलादातून काढता येते, पोलादाला लावता येत नाही. सहा आठवडे त्यात गेले. तेवढ्या अवधीत गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल घेतला, आणि गेलेल्या कामापैकी निम्मे पुन्हा आमच्याकडे आले नाही.

त्या वेळी आम्ही त्या कार्यालयास पुष्कळ दूषणे दिली. पुढे शांतपणे विचार करता ध्यानात आले की, रेखाचित्रात आकडा कोठेच चुकला नव्हता. एक मिलिमीटर मागितला होता, एक मिलिमीटर मिळाला होता. झाकणाचा आतला व्यास बाटलीच्या मानेवर अवलंबून आहे आणि भिंत पातळ झाली तरी तो हलता कामा नये, ही गोष्ट त्या चित्रात कोठेही लिहिलेली नव्हती. ती पहिल्या मुलाच्या डोक्यात होती, आणि तो मुलगा गेला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. आम्ही पैसे देऊन आकार विकत घेतला होता. त्या आकाराच्या अटी विकत घेतल्या नव्हत्या. किंबहुना अटी नावाची काही वस्तू असते, हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

आकार सांगण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत अशी की, प्रत्येक कोपरा कोठे आहे ते आकड्यांनी सांगावयाचे. दुसरी रीत गवंड्याची. भिंत बांधणाऱ्या गवंड्यास प्रत्येक दगडाचे स्थान आकड्यांनी कोणी सांगत नाही. त्याच्याजवळ ओळंबा असतो, पाणसळ असते, गुण्या असतो आणि दोरी असते. ओळंबा म्हणतो, ही कड उभी हवी. पाणसळ म्हणते, हा थर आडवा हवा. गुण्या म्हणतो, ह्या दोन भिंती काटकोनात हव्यात. दोरी अंतर सांगते. घर उद्या दोन हात रुंद करावयाचे ठरले, तर फक्त दोरी बदलते. ओळंबा, पाणसळ आणि गुण्या जे सांगत होते तेच सांगत राहतात. म्हणून रुंद केलेले घरही घरच राहते, वेडेवाकडे होत नाही.

आजच्या संगणकावरील आरेखनाची जी उत्तम पद्धत आहे, ती ह्या गवंड्याच्या रीतीचीच आहे. तीत आकार अटींनी सांगितला जातो. ही रेषा आडवी, ही उभी. ही दोन वर्तुळे एकाच केंद्राची. ही रेषा त्या वर्तुळास स्पर्श करणारी. ह्या दोन बाजू समान. हे अंतर इतके. आरेखन करणारी मुले ह्या अटीस कन्स्ट्रेन्ट म्हणतात. सर्व अटी एकाच वेळी पुऱ्या होतील असा आकार शोधून काढणारा जो गणिती भाग त्या कार्यक्रमात असतो, त्यास सॉल्व्हर म्हणतात. तो प्रत्येक अटीचे समीकरण करतो आणि सगळी समीकरणे एकत्र सोडवितो. आपण हाताने वेडावाकडा चौकोन काढला तरी चालतो. त्या ढोबळ आकारापासून सुरुवात करून तो थोडी थोडी दुरुस्ती करीत अटींपर्यंत येऊन पोहोचतो.

आपण व्यापारी माणसे. आपणांस हे जमाखर्चाच्या भाषेत सांगितलेले बरे. साधा आयत घ्या. त्याच्या चार रेषा. प्रत्येक रेषेस दोन टोके आणि प्रत्येक टोकाचे दोन आकडे, एक आडवा व एक उभा. म्हणजे एका रेषेचे चार आणि चार रेषांचे सोळा आकडे अनिश्चित आहेत. ही झाली नावेची बाजू. आता जमा मांडा. चार कोपऱ्यांत टोके एकमेकांस जोडली; प्रत्येक जोडीत दोन आकडे बांधले गेले, म्हणजे आठ जमा. दोन रेषा आडव्या व दोन उभ्या ठरविल्या, चार जमा. रुंदी आणि उंची सांगितली, दोन जमा. एक कोपरा जागेवर खिळविला, आणखी दोन जमा. एकूण सोळा. नावे सोळा, जमा सोळा, शिल्लक शून्य. खाते मिटले, आणि आकार पुरता ठरला. फ्रीकॅड नावाच्या कार्यक्रमात असा पुरा बांधला गेलेला आराखडा हिरवा होतो. ज्याने दिवाळीच्या दिवशी वही मिटती केली आहे, त्यास त्या हिरव्या रंगाचे समाधान समजावून सांगण्याची गरज नाही.

जमा कमी पडली तर आकार ढिला राहतो. दिसावयास तो बरोबर दिसतो, परंतु धक्का लागला की सरकतो. आमच्या झाकणाचे तेच झाले. जमा अधिक झाली तर दोन प्रकार संभवतात. त्याच आयतात समोरासमोरच्या बाजू समान असाव्यात अशी आणखी अट घातली, तर ती खोटी नाही, पण तिने नवे काहीच सांगितले नाही. एकच रक्कम दोनदा लिहावी तसे ते होते. आणि डावी बाजू ५० व उजवी ४० मिलिमीटर असे सांगितले, तर अटींतच भांडण लागते, आणि सॉल्व्हर उत्तर देण्यास साफ नकार देतो. हा नकार आपला मित्र समजावा. पोलाद कापण्यापूर्वी कळलेली चूक ही फुकट कळलेली चूक होय.

अटींवरून आकार शोधण्याचा हा विचार संगणकाबरोबर जन्मास आलेला नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ह्याच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. हा ग्रंथ १९१२ साली मद्रास येथे एम. रंगाचार्य ह्यांनी इंग्रजी भाषांतरासह छापून प्रसिद्ध केला. त्यातील क्षेत्रगणिताच्या प्रकरणात, दोन बीजसंख्यांवरून आयत निर्माण करण्याची रीत आहे: दोन संख्यांच्या वर्गांची वजाबाकी ही एक बाजू, त्यांच्या गुणाकाराची दुप्पट ही दुसरी बाजू, आणि वर्गांची बेरीज हा कर्ण. बाजू आधी न देता त्यांच्यातील नाते द्यावयाचे आणि आकार शोधावयास लावावयाचा, अशा जातीचे प्रश्न तेथे आहेत.

आपण एक प्रश्न करून पाहू. ज्या आयताचे क्षेत्रफळ व परिमिती संख्येने समान आहेत, तो आयत कोणता? चार बाय चारचा चौरस ही अट पुरी करतो. तीन बाय सहाचा आयतही करतो. अडीच बाय दहाचाही करतो, कारण पंचवीस आणि पंचवीस. एक अट आणि दोन अज्ञात, म्हणून उत्तरे अगणित. आता आणखी एक अट घाला: बाजूंचे प्रमाण तीनास चार असावे. लगेच एकच आयत उरतो. साडेतीन आणि चार पूर्णांक दोन तृतीयांश ह्या त्याच्या बाजू. क्षेत्रफळ सोळा पूर्णांक एक तृतीयांश, परिमितीही तितकीच. खाते मिटले! अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीची पाटी आणि आजचा पडदा ह्यांत साधन बदलले. हिशेबाचा स्वभाव तोच राहिला.

यंत्राकडून हे काम करवून घेण्याचा मान आयव्हन सदरलँड ह्यांचा. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी ‘स्केचपॅड’ची रचना सांगितली. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणीने ते आकृती काढीत. सहा बाजूंची कशीही वाकडी आकृती काढावयाची, तिचे कोपरे वर्तुळावर असावेत असे सांगावयाचे, बाजू समान असाव्यात असे सांगावयाचे, आणि पडद्यावर नियमित षट्कोन उभा राहावयाचा. त्याच वर्षी टिमथी जॉन्सन ह्यांनी ती पद्धत त्रिमिती आकारांकडे नेली. परंतु ही विद्या कारखान्यांत पोहोचावयास पंचवीस वर्षे गेली. सॅम्युएल गाइसबर्ग ह्यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या कंपनीचा प्रो-इंजिनिअर हा कार्यक्रम १९८८ साली बाजारात आला, आणि एक आकडा बदलताच संपूर्ण घन आकार नव्याने उभा राहताना कारखानदारांनी पाहिला. १९८९ साली इंग्लंडातील केंब्रिज येथे डी-क्यूब्ड ही कंपनी निघाली. तिने केवळ अटी सोडविणारा भाग तयार करून इतर कार्यक्रमवाल्यांस विकला. दुसऱ्यांच्या दुकानांत आपला एकच माल खपविण्याची ही युक्ती व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

घन आकार कसा उभा राहतो, तेही थोडक्यात सांगतो. प्रथम सपाट आराखडा अटींनी बांधावयाचा. मग त्यास उंची देऊन उचलावयाचा, किंवा आसाभोवती फिरवावयाचा. झाकण हे अशा फिरविलेल्या आकाराचेच उदाहरण. एका घनात दुसरा मिळवावयाचा किंवा त्यातून वजा करावयाचा. असे सुटे भाग तयार झाले की त्यांची जुळणी येते, आणि तेथेही तोच जमाखर्च. अवकाशात मोकळ्या वस्तूस सहा स्वातंत्र्ये असतात: तीन दिशांना सरकणे आणि तीन आसांभोवती फिरणे. झाकणाचा आस आणि बाटलीच्या मानेचा आस एकच, असे सांगताच चार स्वातंत्र्ये जातात. आता उरले आसाच्या दिशेने वरखाली होणे आणि आसाभोवती फिरणे. त्यांस आट्याची अट जोडते: एक फेरा फिरले की एका पेडाइतके खाली उतरावे. उरले एकच स्वातंत्र्य, ते म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाताने झाकण फिरविणे! झाकण नावाची वस्तू म्हणजे सहापैकी पाच स्वातंत्र्ये काढून घेतलेला प्लास्टिकचा तुकडा होय. हे एकदा समजले की, कोणता आकडा पवित्र आणि कोणता बदलता येण्याजोगा, हे आपोआप समजते. बाटलीची मान पवित्र. झाकणाचा आतला व्यास म्हणजे मान अधिक सैलपणा. बाहेरचा व्यास म्हणजे आतला व्यास अधिक भिंतीची दुप्पट. अशी साखळी आमच्या चित्रात असती, तर भिंतीचा आकडा बदलताच बाहेरची कड आत आली असती, आणि आटे जागचे हलले नसते.

ह्या साखळीत आणखी एक आकडा असतो, तो आकसण्याचा. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना साधारणपणे शेकडा १ ते २.५ आकसते; म्हणून साचा वस्तूहून मोठा कापावा लागतो. दाणा बदलला की हा आकडा बदलतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिक वेष्टनांच्या बाबतीत उत्पादकांच्या जबाबदारीचे नियम जाहीर केले, तेव्हापासून पुनर्वापराचा दाणा मिसळण्याचा प्रश्न आपल्या दारात आला आहे. असा दाणा मिसळला म्हणजे आकसण्याचा जुना आकडा तसाच लागू पडेल, असे धरून चालता येत नाही. ज्याच्या आराखड्यात आकसण्याचा आकडा एका जागी लिहिला आहे, तो एक आकडा बदलील. ज्याच्या चित्रात तो शेकडो कडांत मिसळून गेला आहे, त्यास नवे चित्र काढावे लागेल.

बाटल्यांच्या व्यापारातील बांधवांस दुसरेही उदाहरण आठवेल. थंड पेयांच्या २८ मिलिमीटर मानेच्या बाटल्या पूर्वी पीसीओ १८१० ह्या मापाच्या असत. नंतर पीसीओ १८८१ हे माप आले, आणि मानेची उंची सुमारे २१ मिलिमीटरवरून १७ मिलिमीटरवर आली. वरवर पाहता चार मिलिमीटरचा फरक. परंतु मान आखूड झाली की आटे बदलतात, आटे बदलले की झाकण बदलते, आणि झाकण बदलले की कोअर, कॅव्हिटी, आटे उलगडून झाकण सोडविणारी साच्याची यंत्रणा, सारेच बदलते. अशी मापे पुढेही बदलणार आहेत, कारण प्रत्येक बाटलीमागे वाचलेला ग्रॅम लाखो बाटल्यांमागे टन होतो. बदल आपल्या हाती नाही. बदल येईल तेव्हा आपला आराखडा वाकेल की मोडेल, एवढेच आपल्या हाती आहे.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, असे कार्यक्रम फार महाग असतात. मोठ्या कंपन्यांचे कार्यक्रम महाग आहेत, हे खरे. परंतु जोनाथन वेस्ट्यूज ह्यांनी तयार केलेला सॉल्व्हस्पेस हा कार्यक्रम २०१३ पासून सर्वांस मोफत व मुक्त आहे, आणि तो मुळात अटी सोडविण्यासाठीच रचलेला आहे. फ्रीकॅडही मोफत आहे, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली आणि तीत सुट्या भागांच्या जुळणीची सोय अंगभूत आली. मोठ्या टूलरूमचे सर्व काम ह्यांवर होईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु मालकाने आपला आराखडा उघडून पाहावा, आकडा बदलून पाहावा, अटी समजून घ्याव्यात, एवढ्यास ते पुरेसे आहेत.

दुसरा आक्षेप आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी घेतला. ते म्हणाले, ‘‘आमचा जुना मिस्त्री नुसत्या बोटाने साच्याचा दोष सांगतो. तुमचे यंत्र त्याची बरोबरी करील काय?’’ नाही करणार. सॉल्व्हरला शहाणपण नसते. चुकीची अट दिली तर तो चुकीचा आकार अत्यंत अचूकपणे काढून देईल. तीन बाजू दिल्या तर त्रिकोण दोन प्रकारे काढता येतो, एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. त्यांपैकी कोणता हवा हे त्यास आपोआप कळत नाही. तो आपल्या ढोबळ आकृतीच्या जवळचा निवडतो, आणि एकदम मोठा बदल केला की कधी कधी आकृती उलटीही करून ठेवतो. म्हणून बदल लहान टप्प्यांनी करावा असे जाणते लोक सांगतात. परंतु मिस्त्रीच्या बोटांत जे आहे, ते तरी दुसरे काय आहे? येथे भिंत पातळ नको, तेथे उतार हवा, हा खिळा त्या कडेपासून दूर हवा. ह्या साऱ्या अटीच आहेत. त्या आज त्याच्या बोटांत आहेत आणि उद्या त्याच्याबरोबर गावी जातील. मिस्त्रीस डावलण्यासाठी नव्हे, तर त्याच्याजवळ बसून त्याची विद्या लिहून घेण्यासाठी ही पद्धत आपणांस हवी आहे.

तिसरा आक्षेप आरेखन करणाऱ्यांचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, ‘‘अटींसकट आराखडा दिला तर आमची विद्याच तुमच्या हाती दिली. पुढचा बदल तुम्ही दुसऱ्याकडून स्वस्तात करून घ्याल.’’ ह्यात तथ्य आहे. आकाराची देवाणघेवाण बहुधा स्टेप नावाच्या फाईलमधून होते, आणि रोजच्या व्यवहारात त्या फाईलमधून आकार तेवढा येतो, अटी मागे राहतात. आरेखकाची विद्या अशा रीतीने त्याच्याकडे सुरक्षित राहते. तिच्यावर त्याचा हक्क आहे, आणि ती फुकट मागणे हा प्रामाणिक व्यवहार नव्हे. परंतु ह्याचे उत्तर अटी न मागणे हे नसून, त्यांचे योग्य मूल्य देणे हे आहे. जमीन घेताना विहिरीचा हक्क वेगळा मोजून घेतात. तद्वत आराखड्याच्या अटींचा दर वेगळा ठरवावा व तो न कुरकुरता द्यावा. आमच्या त्या झाकणाच्या प्रकरणात आम्ही असे पैसे दिले असते, तर वाया गेलेल्या कोअरच्या मानाने ती रक्कम क्षुल्लक ठरली असती.

कोणी म्हणेल, ही विद्या आपल्या आवाक्याबाहेरची आहे. तेही खरे नव्हे. गोदरेज उद्योगसमूहातून वाढलेल्या जॉमेट्रिक ह्या कंपनीने २००२ साली फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सबरोबर थ्रीडी पीएलएम ही संयुक्त कंपनी काढली, आणि पुण्यात बसून आपल्याकडील अभियंत्यांनी जगभर वापरल्या जाणाऱ्या आरेखन-कार्यक्रमांचे भाग लिहिले. पुढे २०१७ साली जॉमेट्रिकचा व्यवसाय एचसीएलकडे आणि ती संयुक्त कंपनी संपूर्णपणे दासोकडे गेली. पण विद्या तेथल्या माणसांत राहिली. पुण्यात मराठी मुले ही हत्यारे घडवितात, आणि एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या आपल्या गावात त्याच हत्यारांनी काढलेला आकार आपण डोळे मिटून विकत घेतो, ही विसंगती शोभणारी नाही.

म्हणून संघापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवितो. पहिली अशी की, साच्याची ऑर्डर देताना आकाराच्या फाईलबरोबर मूळ आराखड्याची, अटींसकट असलेली फाईल मिळेल, असे कलम घालावे आणि त्याचा दर वेगळा लिहावा. दुसरी अशी की, प्रत्येक साच्यासाठी एका पानाची ‘अटींची वही’ साध्या भाषेत लिहून मालकाने आपल्या तिजोरीत ठेवावी: कोणते माप पवित्र, कोणते कशावर अवलंबून, कोणते बदलता येईल, आणि का. फाईलची जात उद्या जुनी होईल. साध्या भाषेतील पान जुने होत नाही. तिसरी अशी की, संघाने वर्षातून एकदा महिनाभराचा वर्ग चालवावा. कराड येथील शासकीय तंत्रनिकेतन आपल्या जवळ आहे. तेथील जाणत्या शिक्षकांचे साहाय्य मागावे. त्या वर्गात आपल्या मुलामुलींनी बसावे, कामगारांनीही बसावे, आणि जुन्या मिस्त्रींस मानाने पाहुणे म्हणून बोलवावे. सॉल्व्हर कोणी लिहावा अशी आमची अपेक्षा नाही. आपला आराखडा उघडून एक आकडा बदलावा आणि काय हलते, काय हलत नाही, हे पाहता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

आपल्या वाडवडिलांनी दुकाने चालविली ती मालाच्या जोरावर नव्हे, वहीच्या जोरावर. माल आज आहे, उद्या खपेल. वही सांगते की कोण कोणाचे किती देणे लागतो. आराखड्यातील अटी ही त्याच जातीची वही आहे. कोणते माप कोणत्या मापाचे देणे लागते, हे ती सांगते. वही दुसऱ्याच्या घरी ठेवून आपण कधी धंदा केला नाही. मग ही एक वही तेवढी परक्या घरी का ठेवावी?

सूचनांपैकी एक जरी पुढील वार्षिक सभेपर्यंत अमलात आली, तरी हे चार शब्द लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. वाचकांपैकी कोणास आमच्यासारखा अनुभव आला असेल, तर त्याने तो संकोच न करता सभेत सांगावा. नुकसान एकाचे झाले असले, तरी शहाणपण सर्वांनी वाटून घेण्यास हरकत नाही.